पोकळ वाळ्यांची विशिष्ट उष्णता

अमरावती,
गुरुवार, ता. १६ जानेवारी १९६४

ती. बाईस,
भगवंताचा साष्टांग दंडवत.

इकडे सर्व ठीक आहे. थर्मामीटर लावून पाहिले तरी ठीकच निघेल. तुझा गुडघा कसा आहे? थंडीत धरतो असे दर्यापूरच्या बाजारात भेटलेल्या तुमच्या शेजाऱ्यांनी मागे सांगितले होते. लसूण घालून कढवलेले तेल चोळत जा आणि चोळून झाल्यावर लगेच पाण्यात हात घालू नकोस. तू ऐकणार नाहीस, तरी लिहितो.

मुख्य बातमी अशी की परवा, ऐन संक्रांतीला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शालूला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलीचे वजन दोन किलो आठशे ग्रॅम. दवाखान्यातल्या काट्याचा माझा भरवसा नव्हता, म्हणून आधी रिकामा काटा शून्यावर येतो का ते पाहून घेतले. नर्स हसली. हसू दे. रंग तुझ्यावर गेला आहे, म्हणजे गव्हाळ म्हणायला हरकत नाही. नाक मात्र आमच्या सासूबाईंचे आहे. पुढे बदलेल अशी आशा ठेवून आहोत.

बंडू आता सहा वर्षांचा झाला, पहिलीत जातो. बहीण कुठून आणली, परत न्यावी लागेल का, असे विचारत असतो. तुला त्याने पाहिले ते बारा दिवसांचा असताना, म्हणजे पाहिलेच नाही. भिंतीवरच्या फोटोत भाऊजींच्या शेजारी बसलेली ती आत्या, एवढीच त्याची तुझी ओळख.

कॉलेजात मला सीनियर डेमॉन्स्ट्रेटर केले. जबाबदारी वाढली, खुर्ची तीच, तिचा एक पाय अजून आखूडच आहे. शेर-तोळे जाऊन सगळीकडे किलो-ग्रॅम आले, तर गावातले लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, मास्तर, अच्छेराचे ग्रॅम किती? आम्ही तर पहिल्यापासून ग्रॅमातच मोजत आलो, त्यामुळे सध्या माझा भाव वधारलेला आहे.

बारसे शनिवारी, ता. २५ ला, आमच्या घरीच आहे. तू यावेस असे शालूचे फार मनात आहे. माझ्याही. शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघालीस तर बडनेऱ्याला मी स्वतः घ्यायला येईन. टांगा सांगून ठेवतो.

एक लिहू की नको असे करत इथवर आलो. मागच्या बारशाला तू आणलेल्या वाळ्यांवरून जे झाले ते आता मनात ठेवू नकोस. मीही ठेवलेले नाही. सासूबाईसुद्धा तो विषय काढत नाहीत. वस्तू काय, कधी खरी निघते, कधी खोटी, माणूस महत्त्वाचे. तू आलीस तर त्या वाळ्यांबद्दल इथे कोणी एक शब्द बोलणार नाही, याची हमी माझी. आणि येताना काही आणू नकोस.

तिळगूळ वेगळ्या पुडक्याने पाठवला आहे. शालूने अंथरुणावर पडून सूचना दिल्या आणि मी पाक केला. पाकाचे तापमान बरोबर होते, पण वड्या दगड झाल्या आहेत. दाढेखाली धरू नकोस, चघळ.

तुझ्या येण्याची वाट पाहणारा,
भगवंता


अमरावती,
सोमवार, ता. २० जानेवारी १९६४

ती. बाईस,
भगवंताचा दंडवत.

तुझे कार्ड आज सकाळी पोचले. तू लिहिलेस ते मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी ते नीट वाचले असे तुला कळेल.

“चि. भगवंता, तिळगूळ भेटला. लेक झाली, लय आनंद झाला. यायले मले कोन्ती अडचन नाई. पन रिकाम्या हातानं आत्या येत नसते. तवा काय आनू ते तूच लिहून पाठव. आनलेलं आधी उकळून पाह्यशील, का तसंच पाळन्यापाशी येऊ देशील? पार्वता.”

कार्ड उघडे, त्यामुळे पोस्टमनने वाटेत वाचलेले होते. हातात देताना म्हणाला, “मास्तर, पाहुन्यायले उकळता का तुमी?” मला हसता आले नाही. शालूने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि मुलीला घेऊन भिंतीकडे तोंड केले.

बाई, मागच्या पत्रात मी लिहिले की वस्तू कधी खरी निघते, कधी खोटी. ते वाक्य लिहायला नको होते. मीच तुला माफ करतो आहे असा थाट त्यात होता. तुझी वस्तू खोटी नव्हती. वाळे चांदीचेच होते आणि आहेत. चूक माझी झाली.

आता सगळे क्रमाने सांगतो. मला दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगता येत नाही.

नोव्हेंबर सत्तावन्न. भाऊजींना जाऊन दोन वर्षे झाली होती. तू बंडूच्या बारशाला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून वाळ्यांचा जोड आणलास, एकेकाला तीन तीन घुंगरू. शालूने ते लगेच बंडूच्या पायात घातले. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तू मागे सरलीस. “मी नाई बाप्पा, सवाशीन पाहा,” म्हणालीस. मग शालूच्या मावशीने नाव ठेवले आणि आत्याच्या पाठीतले धपाटे मावशीच्या पाठीत पडले. मी काही बोललो नाही. ते तेव्हाच बोलायला हवे होते.

चौथ्या दिवशी वाळे काळे पडले. सासूबाई म्हणाल्या, “माय, चांदी अशी चार दिवसात काळी पडत असते का?” आणि तुला विचारले, “कुठून घेतले वो पार्वताबाई?” तू म्हणालीस, “अकोल्यातूनच,” आणि खाली पाहिलेस. तुझे ते खाली पाहणे मी टिपून ठेवले. प्रयोगातले वाचन टिपावे तसे.

बाळंतिणीच्या खोलीत दोन वेळ धुरी होती. ओवा, वावडिंग आणि लसणाची टरफले. लसणात गंधक असते, गंधकाच्या धुराने चांदी काळी पडते. जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा बिनचांदीचा मिश्रधातू, इतक्या लवकर काळा पडत नाही. म्हणजे ते काळे पडणे तुझ्याच बाजूने बोलत होते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून पोरांना शिकवतो. घरात ते मला सुचले नाही.

मी म्हणालो, थांबा, मी कॉलेजात तपासून आणतो. बाई, हे मात्र खरे मान, मी तुला दोषी ठरवायला गेलो नव्हतो. सासूबाईंचे तोंड बंद करायला गेलो होतो. सोनाराकडे न्यायची मला लाज वाटली. शिवाय प्रयोगशाळा हाताशी असताना सायन्सचा माणूस कसोटीच्या दगडाकडे कशाला जाईल, ही घमेंडही होतीच.

प्रयोग तुला समजेल असा सांगतो. गरम पुरणपोळी खाताना पापुद्रा निवलेला लागतो, पण पुरण जीभ भाजते. एकाच तव्यावरची पोळी, तरी पुरणात पाणी असल्यामुळे ते उष्णता जास्त धरते. धातूंचेही तसेच. सारख्या वजनाची चांदी आणि जर्मन सिल्व्हर घेऊन दोन्ही सारखी तापवली, तरी जर्मन सिल्व्हरच्या पोटात पावणेदोनपट उष्णता असते. मग ती वस्तू तांब्याच्या भांड्यातल्या गार पाण्यात सोडायची आणि पाणी किती तापले ते पाहायचे. भांडेही थोडी उष्णता खाते, तेही धरायचे. त्यावरून जो आकडा येतो त्याला विशिष्ट उष्णता म्हणतात. पाण्याची एक. चांदीची पॉइंट झीरो पाच सहा. जर्मन सिल्व्हरची पॉइंट झीरो नऊ पाच. चांदी असेल तर तुझे वाळे माझे पाणी जेमतेम पावणेदोन अंश तापवणार होते.

आमच्याकडे धातू तापवायला वाफेचे यंत्र आहे. त्याच्या नळीत धातू कोरडा राहतो, वाफ बाहेरून फिरते. पण नळी अरुंद, छर्रे आणि तुकडे टाकण्याजोगी. वाळे तिच्यात जाईनात. म्हणून मी ते दोऱ्याला बांधून सरळ उकळत्या पाण्यात सोडले, दहा मिनिटे ठेवले, उचलले, एकदा झटकले आणि गार पाण्यात टाकले. पारा तीन अंश चढला. आकडेमोड केली. पॉइंट झीरो नऊ पाच. पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत.

इतका तंतोतंत आकडा आमच्या प्रयोगशाळेत कधी येत नाही. पोराच्या वहीत दिसला तर मी त्याला उभा करून विचारतो, कोणाची वही पाहिलीस? स्वतःला विचारले नाही.

पुढचे तुला माहीत आहे. पण मी तेव्हा काय बोललो ते मला आठवते आणि मी ते लिहिणार आहे. ओसरीवर सासूबाई, मावशी, शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मी म्हणालो, “बाई, हे चांदी नोहे. जर्मन सिल्व्हर होय.”

सासूबाई म्हणाल्या, “सोनारानं फसवलं असन.”

मी तिथेच थांबलो असतो तरी निभावले असते. पण मला माझा आकडा चढला होता. मी म्हणालो, “तसं असन तं बाई सोनाराचं नाव सांगन. सांग बाई, कोनापासून घेतले? खरं सांग.”

तू बोलली नाहीस. मी म्हणालो, “आकडा खोटं बोलत नाई. प्रयोगाले बहीण-भाऊ नसते.”

हे वाक्य मी बोललो, बाई. ज्या घरी सहा वर्षे जेवलो, जिच्या हातची शिदोरी घेऊन मॅट्रिकला बसलो, तिला बोललो. आणि बोलून मनात वाटले, बघा, बहिणीलाही सोडत नाही असा मी सचोटीचा माणूस. तू उठलीस, पिशवी भरलीस आणि दारातून म्हणालीस, “राहू दे. नका घालू पोराले. पन फेकू नको, भगवंता.”

फेकले नाहीत. डबीत घालून कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवले. डबीवर चिठ्ठी लावली होती, तिच्यावर काय लिहिले होते ते सांगत नाही.

फेब्रुवारी अठ्ठावन्नमध्ये माझ्या वर्गात परतवाड्याचा ओमप्रकाश म्हणून एक मुलगा होता. त्याने हौसेने आपल्या पेटीचे पितळी कुलूप प्रयोगाला आणले. त्याचा आकडा आला पॉइंट एक पाच. पितळेचा यायला हवा पॉइंट झीरो नऊच्या आसपास. मी चिडलो.

“नळीत तापवलं होतं?”

“नाही सर. नळीत बसत नव्हतं. पाण्यात उकळलं.”

“मग पुसलंस का? आत पाणी राहिलं असेल ते झटकलंस?”

“पुसेपर्यंत थंड झालं असतं ना सर.”

मी त्याला समजावू लागलो, अरे, कुलूप पोकळ, आत उकळते पाणी राहिले, चमचाभर का असेना, त्यानेच तुझे गार पाणी तापवले आणि तू त्याचे श्रेय पितळेला दिलेस. एवढे बोललो आणि दोऱ्याला बांधून उकळलेले ते वाळे माझ्या डोळ्यांपुढे आले. पोरे वाट पाहत होती. मी वर्ग लवकर सोडला.

मला भाऊजींचे आठवले. अकोल्याच्या कापूस-बाजारात मी सुटीच्या दिवशी त्यांच्या काट्यापाशी बसायचो. मापारी म्हणून त्यांचा शब्द चालायचा. गाडी आली की काट्याला हात लावायच्या आधी ते कोपरापर्यंत हात कापसात घालायचे आणि मला म्हणायचे, “आधी ओला हाये का पाह्य, मंग तोल.” दहा वर्षांच्या पोराला समजले होते ते बी.एस्सी. झालेल्या माणसाला समजले नाही.

त्याच आठवड्यात मी वाळे काढले. आधी उकळत्या पाण्यातून काढून वजन केले: कोरड्यापेक्षा एक ग्रॅम नव्वद सेंटिग्रॅम जास्त. अर्धा चमचा पाणी, पोकळीत आणि घुंगरांत बसलेले. मग ते वाळवले, रुंद तोंडाच्या कोरड्या डब्यात घातले, डबा उकळत्या पाण्यात तासभर ठेवला आणि मग प्रयोग केला. तीन वेळा केला. पॉइंट झीरो पाच आठ, पाच सात, पाच आठ. चांदी. वरचा एवढासा फरक सोनाराने सांधे जोडताना घातलेल्या डाकाचा.

म्हणजे अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीपासून मला माहीत आहे, बाई. तुला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या संध्याकाळी बस धरून आलो असतो तर तू मला दोन शिव्या दिल्या असत्या, पिठले टाकले असते आणि विषय संपला असता.

आलो नाही. सासूबाईंसमोर बोललेले गिळावे लागले असते, हे पहिले कारण. दुसरे हे की मी पोरांच्या वह्यांवर लाल शाईने लिहितो, एका वाचनावर निष्कर्ष काढू नये. आणि मी एका वाचनावर बहीण घालवली हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आधी वाटले संक्रांतीला सांगू, मग वाटले पोळ्याला. वर्ष उलटल्यावर तर चुकीपेक्षा उशिराचीच लाज जास्त वाटू लागली. तुझी दोन पत्रे आली, त्यांत वाळ्यांचे काहीच नव्हते, तर मी स्वतःला सांगितले की तू विसरलीस. मला भित्रा म्हण, मी नाही म्हणणार नाही.

अजून एक राहिले आहे. ते लिहिण्यापूर्वी मी दुपारी एकदा पेन खाली ठेवले होते.

मार्च बासष्टमध्ये मी प्रॅक्टिकलचा परीक्षक म्हणून अकोल्याला आलो होतो. तुला कळवले नाही. वाळे सोबत घेतले होते. चांदी आहे एवढे ठाऊक होते, पण शहरातल्या एखाद्या सोनाराने ‘हलकी आहे, भेसळ आहे’ म्हटले असते तर बरे वाटले असते, म्हणून. म्हणजे माझा दोष निम्मा झाला असता. पहा कसा माणूस आहे मी. सराफ्यात विचारत विचारत बुधाजी सोनाराच्या दुकानात गेलो. त्यांनी वाळे हातात घेतले आणि कसोटी काढलीच नाही.

“हे त मीनंच केले,” म्हणाले. “पार्वताबाईचे. तुमी कोन?”

मी म्हणालो, भाऊ.

“मंग तुमाले माईतच असन. जोडवी होती बाईची. खुशालराव गेल्यावर उतरवली ते. चार तोळे भरली. पेटीत ठेवून काय करू मने, भावाच्या लेकराच्या पायात वाजू द्या.”

मी विचारले, पोकळ कशाला केले?

“बाईनंच सांगतलं. लेकराचा पाय कवळा, भारी होईन मने. पोकळ केलं म्हून हवा निघाले बारीक भोक ठेवा लागते, हे पाहा. आन मले बजावलं, बुधाजी, हे जोडव्याचं कोनाले सांगू नका, माह्या भावाच्या सासरी चालाचं नाई. आता पाच वर्सं झाली म्हून बोललो.”

तेव्हा मला समजले तू त्या दिवशी ओसरीवर का बोलली नाहीस. सोनाराचे नाव सांगितले असते तर कोणीतरी त्याला विचारले असते आणि जोडव्यांचे निघाले असते. विधवेच्या पायातली चांदी बाळाच्या पायात, म्हणून वाळे त्याच घटकेला उतरवले असते. तू खोटी ठरलीस, पण ते सांगितले नाहीस. आणि मी तुला ‘खरं सांग’ म्हणत होतो.

बाळाला जड होऊ नये म्हणून तू ते पोकळ करवलेस, आणि त्या पोकळीतल्या अर्ध्या चमचा पाण्यावर मी तुला घराबाहेर काढले. त्या दुकानात मला रडू आले. बुधाजींनी पाणी दिले.

तिथून तुझ्या गल्लीपर्यंत आलो. तू ओट्यावर पाय पसरून तूर निवडत बसली होतीस. सूप मांडीवर होते, माझ्याकडे तुझी अर्धी पाठ होती. पायाची बोटे मोकळी दिसत होती. मी लिंबापाशी उभा राहिलो, किती वेळ ते मोजले नाही. मग पाच पन्नासची गाडी चुकेल असे स्वतःला सांगून परत फिरलो. माझी गाडी सात वाजता होती.

एवढेच. आता लपवलेले काही उरले नाही.

आज तुझे कार्ड आल्यावर जेवणे झाली आणि मी शालूला आणि सासूबाईंना समोर बसवून हे सगळे सांगितले, जोडव्यांसकट. तुझे गुपित मी फोडले, त्याबद्दल रागाव. पण ते झाकून माझी चूक अर्धीच सांगता आली असती, आणि अर्धे सांगणे मी पुष्कळ केले.

सासूबाई सावरून बसल्या. मला वाटले आता अपशकुनाचे निघणार. त्या म्हणाल्या, “जवाई, मी तरी कोन्ती कुंकवाची धनीन आहो? या लेकीले रोज न्हाऊ मीच घालून राहिली ना? माह्या हातचं पानी चालते, मंग तिच्या जोडव्याची चांदी काहून नाई चालत?” आणि मग, “मीनंच पयले तोंड काढलं होतं त्या दिवशी. मी दुर्गाबाई चुकली मना, लिहा त्यायले.” म्हणून लिहितो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या नाकाला नावे ठेवली, माझ्यापेक्षा त्या सरळ निघाल्या.

शालू माझ्याशी अजून बोलत नाही. मुलीकडे पाहत एवढेच म्हणाली, “आत्या आल्याबिगर इचं नाव ठेवाचं नाई. पंचवीस तारीख जाते तं जाऊ दे.” तिचा निर्णय पक्का आहे. तू आली नाहीस तर पोरगी बिननावाची राहील. यात तुला पेचात धरायचा विचार नाही, घरातली स्थिती कळवली.

बाई, मी चुकलो. मला क्षमा कर, असे मी आजपर्यंत कोणालाही लिहिलेले नाही. ते पहिल्यांदा तुलाच लिहितो आहे, आणि सहा वर्षे उशिरा लिहितो आहे. क्षमा केली नाहीस तरी ये. मला बोलायचे ते टांग्यात बोलून घे, बडनेऱ्यापासून घरापर्यंत तेवढा वेळ मिळतो. नाव तूच ठेवायचे, कानात कुर्र तूच करायचे. धपाटे घालायला शालूने तीन शेजारणी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत, गुडघ्याला धक्का न लागेल अशा बेताने.

काय आणू, असे तू विचारलेस. काही आणू नकोस. मुलीच्या पायात घालायचे ते इथे आहे. आज दुपारी मी वाळे चिंचेने उजळले, बंडूने घुंगरू मोजले, सहाच्या सहा आहेत. ते घालायचे तुझ्या हातांनी. तोवर पुसून, उन्हात ठेवून, कोरडे करून ठेवले आहेत.

तुझा,
भगवंता